दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस: गॅस बरा, स्लरी त्याहून बरी

गोठ्यात चार-पाच जनावरं बारमाही बांधून असतील, घरात पाच-सहा माणसं जेवायला असतील आणि गोठ्याच्या उताराला स्वतःचं शेत किंवा बाग असेल, तर दोन घनमीटरचा, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा, दीनबंधू गोबरगॅस आजही सगळ्यात भरवशाचा सौदा आहे. यातली तिसरी अट बहुतेक जण धरतच नाहीत. चौकशी सुरू होते ती ‘महिन्याला सिलिंडर किती वाचतील’ इथून आणि तिथेच संपते. आमच्या मते या वस्तूची निम्म्याहून जास्त किंमत मागच्या टाकीतून रोज बाहेर पडणाऱ्या स्लरीत, म्हणजे गॅस निघून उरलेल्या पातळ शेणात आहे. ती वाया जाणार असेल, तर हा सौदा निम्म्यावर येतो.

दीनबंधू म्हणजे जमिनीत गाडलेला विटांचा घुमट. ॲफप्रो या संस्थेने १९८४ मध्ये हा नमुना आणला. त्याआधी खादी-ग्रामोद्योगवाला, लोखंडी टोपी वरखाली होणारा गोबरगॅस सगळीकडे दिसायचा. त्याचा गॅस एकसारख्या दाबाने यायचा हे खरं, पण टोपीला दर एक-दोन वर्षांनी रंग दिला नाही की ती गंजायची आणि टोपीचा खर्चच डोईजड व्हायचा. दीनबंधूत हलणारा एकही भाग नाही. तळ परातीसारखा खोलगट, वर विटांचा घुमट, एका बाजूला शेणकाला आत जाणारा सहा इंची पाइप आणि दुसऱ्या बाजूला आउटलेटची टाकी. दोन घनमीटरच्या घुमटाचा आतला व्यास साधारण अडीच मीटर येतो. नीट बांधला तर एक पिढी चालतो.

शेणाचा हिशोब आधी

दोन घनमीटरला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. इथेच पहिली गफलत होते. पाच जनावरं आहेत म्हणून पन्नास किलो शेण मिळणार, असं धरलं जातं. गोठ्यात बांधलेली देशी गाय दिवसाला ८ ते १० किलो शेण देते, म्हैस १२ ते १५ किलो. पण जनावरं दिवसभर रानात चरायला जात असतील तर हाती लागतं फक्त रात्रीचं शेण, म्हणजे जेमतेम निम्मं. दोन घनमीटरच्या खड्ड्यात रोज पंचवीसच किलो शेण पडलं, तर गॅसही निम्माच मिळणार. अशा घराने एक घनमीटरचाच बांधावा. मोठा बांधून अर्धा चालवण्यात काहीच मिळत नाही. आठवडाभर सकाळी शेण वजनकाट्यावर मोजा आणि मग आकार ठरवा.

पन्नास किलो शेणापासून सुमारे दोन घनमीटर गॅस तयार होतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर गॅस म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने साधारण ०.४३ किलो एलपीजी. त्यावरून विक्रेते महिन्याला २६ किलो, म्हणजे जवळपास दोन सिलिंडर असा आकडा सांगतात. कागदावर तो बरोबर आहे. स्वयंपाकघरात मात्र तो पूर्ण हाती लागत नाही आणि त्याचं कारण दीनबंधूच्या रचनेतच आहे.

घुमटात दिवसभराच्या गॅसपैकी एक तृतीयांश गॅसच साठतो, म्हणजे सुमारे ०.६६ घनमीटर. ही साठवण भरायला आठ तास लागतात. मोठा बर्नर तासाला ०.४५ घनमीटर गॅस खातो, म्हणजे भरलेला घुमट पावणेदोन तासांत रिकामा होतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी दोनच वेळा चूल पेटवणाऱ्या घरात मधल्या साधारण दहा तासांपैकी दोनेक तासांचा गॅस साठायला जागाच नसते. तो आउटलेटमधून बुडबुड्यांवाटे हवेत जातो. अशा घराला रोज १.६ घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे महिन्याला दीड सिलिंडरभर. दुपारी जनावरांचं आंबोण शिजवायला किंवा रात्री उशिरा दूध तापवायला तिसऱ्यांदा बर्नर लावला की उरलेलाही सत्कारणी लागतो. वाया जाणारा मिथेन नुसताच हवेत सोडणं हवामानाच्या दृष्टीनेही वाईट, म्हणून वापराच्या वेळा दिवसभरात विभागून घ्या.

गोवऱ्यांशी तुलना केली की गॅसचं पारडं कुठे जड आहे ते दिसतं. २५ किलो ओल्या शेणाच्या वाळून सुमारे पाच किलो गोवऱ्या होतात. तेच शेण गोबरगॅसमध्ये घातलं तर एक घनमीटर गॅस मिळतो आणि तेवढ्या गॅसवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढ्याला साध्या चुलीत बारा किलोंहून जास्त गोवऱ्या लागतात. कारण चुलीत गोवरीच्या उष्णतेपैकी दहा-अकरा टक्केच भांड्याला लागते, गॅसच्या बर्नरवर ५५ ते ६० टक्के. शिवाय गोवरी जळली की उरते राख. नत्र आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही धुरात जातात. गॅस निघून गेल्यावर खत जागच्या जागी शिल्लक राहतं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा हिशोब यात धरलेलाच नाही, आणि खरं तर तो सगळ्यात आधी धरायला हवा.

बांधकाम: पैसे इथे वाचवू नका

दोन घनमीटरला हजाराच्या आसपास विटा आणि पंधराएक पोती सिमेंट लागतं. वाळू, खडी, पाइप, वॉल्व्ह, शेगडी आणि मजुरी वेगळी. विटा आणि वाळूचे दर भागागणिक इतके बदलतात की एकच रक्कम सांगणं चुकीचं ठरेल. या यादीवरून आपल्या तालुक्याचा अंदाज काढा. घर बांधणारा चांगला गवंडी म्हणजे दीनबंधूचा चांगला गवंडी, असं समजू नका. घराच्या भिंतीतून हवा गेली तर कुणाचं बिघडत नाही. इथे केसाएवढी भेग पडली तरी गॅस जातो. गोबरगॅस बांधण्याचं प्रशिक्षण घेतलेलाच गवंडी धरा आणि त्याने बांधलेले, दोन पावसाळे झालेले संच आधी जाऊन बघा.

जागा उन्हातली, गोठ्याला लागून, विहिरीपासून किमान दहा-पंधरा मीटर लांब. जवळ पिंपळ, उंबर, वड नको. मुळं विटांत शिरतात. काळ्या मातीत खड्डा घेत असाल तर विशेष जपा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बांधकामाला बाजूने रेटते. खाली मुरूम लागेपर्यंत खणा आणि घुमटाभोवती काळी माती परत न लोटता मुरूम किंवा वाळू भरून ठोकून घ्या. कोकणात प्रश्न वेगळा. पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येतं आणि रिकाम्या संचाला खालून उचलतं. तिथे एप्रिलपर्यंत बांधकाम संपवून पावसाआधी संच भरलेला असला पाहिजे.

घुमटाचं आतलं प्लॅस्टर हा या कामाचा जीव आहे. ते थरांत करायचं, शेवटी नुसत्या सिमेंटचा हात देऊन गुळगुळीत घोटायचं आणि गॅसच्या भागाला वरून रंगाचे दोन हात द्यायचे. गळती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: घुमटाच्या माथ्यावर जिथे गॅसचा पाइप रोवलेला असतो तिथे, आणि घुमट जिथून सुरू होतो त्या सांध्याला. किमान दोन आठवडे पाणी मारा. क्युरिंगच्या दिवसांत गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो, तेव्हा हे काम घरच्यांनाच करावं लागतं. मग घुमटावर किमान एक फूट माती चढवा. ही माती शोभेची नाही: आतला गॅस घुमटाला वर ढकलत असतो आणि विटांच्या बांधकामाला तो ताण सोसत नाही. मातीचं ओझं तो दाब अंगावर घेतं. उघडा ठेवलेला घुमट पुढे तडकतो.

गवंड्याला शेवटचा हप्ता देण्याआधी संचात पाणी भरून, वॉल्व्ह बंद करून दाबमापी नळी लावा आणि एक दिवस बघा. पाण्याची पातळी ठळक खाली आली तर गळती आहे. शेण भरल्यावर ती शोधणं महाकठीण.

पहिली भरणी

इथे धीर लागतो. चार हजार लिटर शेणकाला, म्हणजे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी. घरचं शेण साठवत बसलात तर चाळीस दिवस लागतील आणि तोवर आधीचं वाळून जाईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ताजं शेण गोळा करून चार-पाच दिवसांत भरणी उरका. चालू संचातल्या पाच-सहा बादल्या स्लरी विरजण म्हणून घातल्या तर गॅस लवकर धरतो. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गॅस येतो, थंडीत महिनाही लागतो. पहिला गॅस जळत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्या. आणि पेटतो का हे बघायला घुमटावरच्या पाइपाशी काडी कधीही लावू नका. आत हवा शिल्लक असते आणि ज्योत मागे शिरून स्फोट होऊ शकतो. चाचणी फक्त शेगडीवर घ्यायची.

रोजचा काला

रोजचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते रोजचं आहे. कालवणीच्या टाकीतलं भोक बोळ्याने बंद करायचं, पन्नास किलो शेण घालायचं, निम्मं पाणी ओतून गुठळ्या मोडायच्या आणि मग उरलेलं पाणी. शेण आणि पाणी समान. हात बुडवून वर काढला तर काला बोटांवरून ताकासारखा पळून जाता कामा नये आणि लोंबतही राहता कामा नये. मग पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांत खडे-वाळू तळाला बसतात आणि गव्हाणीतून आलेलं वैरणीचं बूस वर तरंगतं. बूस हाताने काढायचं, बोळा उपसायचा, काला आत गेला की तळाची वाळू घमेल्यात भरून बाहेर. ही पाच मिनिटं ज्या घरात वगळली जातात तिथे दोन-चार वर्षांत खड्ड्याच्या तळाला गाळ साचतो, वर बुसाची जाड पापडी धरते आणि गॅस हळूहळू आटत जातो.

गोठा धुतलेलं पाणी काल्याला चालतं का, हे हमखास विचारलं जातं. साधं पाणी आणि गोमूत्र असेल तर चालतं. गोमूत्रामुळे स्लरीतलं नत्रही वाढतं. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा साबण असेल तर थेंबभरही नको, जिवाणू मरतात. आजारी जनावराला प्रतिजैविकं चालू असतील तर त्याचं शेण तेवढे दिवस बाजूला ठेवा. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या आदल्या रात्री भिजवून चेचून घातल्या तर चालतात. कोरड्या टाकल्या तर नुसत्या तरंगत राहतात. संडास जोडायचा असेल तर खुशाल जोडा, देहूच्या डॉ. मापुसकरांनी हे काम करून दाखवलेलं आहे. फक्त भांडं ॲसिडने धुवायची सवय सोडावी लागते.

थंडीत गॅस घटतो. जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे किंवा विदर्भात ही घट चांगलीच जाणवते. उन्हात तापवलेलं पाणी काल्याला वापरा, काला दुपारी घाला, घुमटावर पाचटाचा किंवा कडब्याचा जाड थर पसरा. घट पूर्ण थांबत नाही. त्या दोन महिन्यांसाठी एक सिलिंडर हाताशी असू द्यावा.

शेगडीवर काय दिसतं

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब जीभ काढणारी असेल तर हवा कमी पडते आहे, शेगडीची हवेची फट वाढवा. ज्योत भकभक करत असेल तर पाइपात पाणी साचलंय. गॅसबरोबर वाफ येते आणि पाइपात निवते, म्हणून पाइपाला एकाच बाजूला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवलेली असते. आठवड्यातून एकदा ती सोडा. पाइप झोळासारखा लोंबत असेल तर प्रत्येक झोळात पाणी अडतं आणि मग एका तोटीने भागत नाही. सुरुवातीला ज्योत जोरात आणि शेवटी मंद होते, तो बिघाड नाही. दीनबंधूचा दाब गॅस संपत जाईल तसा उतरतो. गॅस किती आहे हे बघायला मीटर लागत नाही: आउटलेटच्या टाकीतली स्लरी वर चढलेली असेल तर घुमट भरलेला, खाली गेलेली असेल तर रिकामा.

एलपीजीची शेगडी यावर चालत नाही. तिचं जेट बारीक असतं. आयएस ८७४९ मानकाची बायोगॅस शेगडीच घ्या. सोबत मिळणारी स्वस्त शेगडी हा आम्हाला या संचाचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. बर्नर वर्षभरात कुरतडला जातो, कारण गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो पितळ-लोखंड खातो. ओतीव बर्नरची शेगडी थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

स्लरी

रोज नव्वद लिटरच्या पुढे स्लरी बाहेर येते. आत हिरवट-पिवळा काला गेलेला असतो, बाहेर येते ती काळपट तपकिरी, जवळजवळ बिनवासाची आणि माश्या न बसणारी. तिला ताज्या शेणासारखी घाण येत असेल किंवा वर बुडबुडे येत असतील, तर शेण पूर्ण कुजायच्या आत बाहेर पडतंय. एकतर काला पातळ आहे किंवा रोज प्रमाणाबाहेर घातला जातोय.

हिशोब मांडून बघू. पन्नास किलो शेणात दहा किलो कोरडा भाग. त्यातला २५ ते ३० टक्के गॅस होऊन जातो, उरतो सात-सव्वासात किलो. वर्षाला सुमारे २,६०० किलो कोरडं खत. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर ४० किलोच्या आसपास नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. नुसतं नत्र पाहिलं तर हा आकडा फार मोठा नाही आणि कुणी ‘रासायनिक खत पूर्ण बंद’ असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गोबरगॅस नत्र निर्माण करत नाही. उकिरड्यावर ऊनपावसात जे उडून आणि वाहून गेलं असतं ते वाचवतो. खरी कमाई सेंद्रिय कर्बाची आहे. वर्षाला अडीच टन कुजलेला सेंद्रिय माल हलक्या जमिनीला मिळाला तर पाणी धरण्यात फरक पडतो, आणि तो युरियाच्या गोणीत येत नाही.

स्लरीतल्या नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपात असतो, म्हणून उन्हात वाळवलेल्या स्लरीतून तो उडून जातो. हीच चूक सर्वाधिक दिसते: आउटलेटखाली एक खड्डा, तो भरला की उपसून बांधावर वाळत टाकायचा. सगळ्यात चांगला वापर म्हणजे पाटाच्या पाण्याबरोबर ताजी स्लरी सोडणं. ऊस, केळी, नारळ, सुपारी, गवताच्या वाफ्यांना ती उत्तम मानवते. कोवळ्या रोपांना मात्र नुसती घालू नका, पाण्यात भरपूर पातळ करूनच द्या. ठिबकमधून गाळल्याशिवाय सोडलीत तर तोट्या तुंबल्याच म्हणून समजा.

पाट नसेल तर दोन-तीन खड्डे घ्या, प्रत्येक महिना-दीड महिन्याच्या स्लरीला पुरेसा. पाचट, पालापाचोळा, उरलेली वैरण यांचा वीतभर थर, त्यावर स्लरी, परत थर. वरून सावली हवीच. पाचट स्लरी शोषून घेतं, नत्र धरून ठेवतं आणि खताचं वजन दुपटीवर जातं. असं पूर्ण कुजलेलं खत घातलेल्या शेतात तणाचं बी कमी उगवतं. कच्च्या शेणखतात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात, तो धोकाही कमी होतो. उसाला किंवा भुईमुगाला हुमणी लागणाऱ्या भागात एवढ्या एका कारणासाठीही हा खटाटोप करण्यासारखा आहे.

फुगा घ्यावा का?

रबरी किंवा प्लॅस्टिक कापडाचे तयार फुगे हल्ली सर्रास विकले जातात. एका दिवसात बसतात, खडकाळ जागेत खणायचं काम कमी आणि घर बदललं तर उचलून नेता येतात. भाड्याच्या जागेवर गोठा असेल किंवा पाणी फार वर असेल तर फुगाच बरा. पण ऊन, उंदीर आणि शेळीची खुरं हे त्याचे तीन वैरी आहेत. वर छप्पर आणि भोवती कुंपण धरलं नाही तर आयुष्य कमी, आणि ठिगळ लावलेला सांधा पुन्हा सुटतो. दाबही कमी, वर वजन ठेवावं लागतं. घेताना कापडाची जाडी, सांधा शिवलेला की वितळवून जोडलेला आणि वॉरंटीत ऊन-उंदरांचं नुकसान धरलंय का, या तीन गोष्टी लेखी घ्या. स्वतःची जागा असेल तर आमचं मत विटांच्या बाजूने.

आणि दोनच जनावरं असतील तर दोन घनमीटरच्या फंदात न पडता पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीचं जाळीदार टाकं बांधा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाक्याला शेण लागतं फक्त ८० ते १०० किलो. बाकी काडीकचरा आणि माती. तीन-चार महिन्यांत खत तयार. इंधन मिळणार नाही, पण थोड्या शेणात सर्वाधिक खत याच वाटेने होतं.

अनुदान आणि सुरक्षितता

केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत २ ते ४ घनमीटरसाठी सर्वसाधारण राज्यांत १४,३५० रुपये अनुदान ठरवलं होतं. सध्याचा दर आणि जिल्ह्याचं लक्ष्य शिल्लक आहे का, हे पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारूनच खड्डा खणा. पैसे संच चालू झाल्यावर, पाहणी होऊन मिळतात. म्हणजे पूर्ण खर्च आधी आपल्यालाच उभा करावा लागतो. खणताना, घुमट बांधताना आणि शेगडी पेटल्यावर असे फोटो काढून ठेवा, सामानाची बिलं जपा.

आउटलेटच्या टाकीवर फरशीचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं; वासरू किंवा लहान मूल आत पडण्याची भीती खरी आहे. गाळ काढायची वेळ आली तर वॉल्व्ह उघडून, स्लरी उपसून संच बरेच दिवस उघडा ठेवा आणि तरीही माणूस आत उतरवू नका. रिकाम्या दिसणाऱ्या घुमटात प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. लांब दांड्याच्या फावड्याने आणि चिखल ओढणाऱ्या पंपाने बाहेरूनच काम करायचं.